शंभर वॅटचं यंत्र, एका वॅटचं घर

आवाज मोठा करणं एवढंच ज्याचं जन्मकार्य, त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेची सुरुवातीची कितीतरी पानं ‘जपून’ या एकाच सुरात लिहिलेली असतात, याची मला कायम गंमत वाटत आली आहे. अ‍ॅम्प्लिफायर पाण्याजवळ ठेवू नका. त्याचे झरोके झाकू नका. त्याची पाठ भिंतीला टेकवू नका, त्याच्या डोक्यावर काही ठेवू नका, त्याचं झाकण तर मुळीच उघडू नका. चालू करण्याआधी आवाजाचं बटण शून्यावर आणा. विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा. वाचता वाचता वाटू लागतं, आपण गाणी ऐकायला यंत्र आणलेलं नसून दुर्वास ऋषींना चातुर्मासासाठी घरी उतरवून घेतलं आहे. या साऱ्या आज्ञांच्या शेवटी बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरांत एक ओळ असते, आणि तिथे सोलापूरकराची नजर हमखास अडखळते : भोवतालचं तापमान ५ ते ३५ अंश असावं. आमच्याकडे मार्च निम्मा सरला की घराच्या भिंतीच ही अट मोडतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पलीकडे निवांत बैठक मारतो. म्हणजे पुस्तिकेबरहुकूम वागायचं तर पावसाळ्यात मल्हार ऐकायला आम्हाला पूर्ण मुभा आहे. ऐन उन्हाळ्यातल्या भर दुपारचा वृंदावनी सारंग तेवढा महाबळेश्वरला जाऊन ऐकावा लागेल.

कुंभारीत ही पुस्तिका कुणी वाचलेली नाही, आणि तरी तिथले अ‍ॅम्प्लिफायर उन्हाळ्यामागून उन्हाळे गात आले आहेत. सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात हे गाव येतं. एरवी ते काळ्या रानाचं, ज्वारीचं गाव. पण २००६ साली इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. आणि २०२४च्या जानेवारीत इथल्याच रे नगर वसाहतीच्या नियोजित तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली. कामगारनेते आडम मास्तरांच्या वर्षानुवर्षांच्या मोर्चांची ही दोन फळं. रस्त्यावरून पाहिलं तर घरं अशी ओळीनं मांडलेली, जणू कुणी एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून अक्षर सुधारत बसलं आहे. आत मात्र प्रत्येक घराचा मजकूर वेगळा. नव्या घरात वस्तू येण्याचा एक क्रम असतो : आधी देव, मग गॅस, मग पंखा, मग टीव्ही, आणि सगळे हप्ते फिटत आले, की एका संध्याकाळी रिक्षातून दोन बॉक्स उतरतात आणि त्यांच्या मागोमाग, लहान मुलाला घ्यावं तसं छातीशी धरलेला अ‍ॅम्प्लिफायर.

चैन म्हणून त्याची हेटाळणी करण्याआधी विडीचं काम जवळून पाहावं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं बेतलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याचं रीळ. हजार विड्या वळून होईपर्यंत हात मोकळे नसतात, डोळे मोकळे नसतात. मोकळे असतात ते फक्त कान. दिवसभराच्या त्या रिकाम्या जागेत कुणीतरी राहायला येणारच. सकाळी तेलुगू भक्तिगीत येतं, उन्हं वर आली की कन्नड वचनं येतात, दुपारी एका दारातून अभंग आणि दुसऱ्यातून भीमगीतं, तिसऱ्यातून कव्वाली. एका गल्लीत इतक्या भाषा शेजारी शेजारी नांदतात, आणि विडी वळणारी बोटं मात्र कुठल्याही तालात आपली लय सोडत नाहीत. हे ऐकणं मैफलीतलं ऐकणं नव्हे. पण गाण्याला इतका वेळ रोज देणारे रसिक शहरातल्या सभागृहांना तरी कुठे मिळतात?

या साऱ्या यंत्रांचे वैद्य म्हणजे तिथले एक अण्णा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. आत शिरताच डाग देण्याच्या तारेचा, म्हणजे जळत्या राळेचा, देवळासारखा वास येतो. एकदा मी बसलो असताना एक मावशी दोन बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आल्या. तक्रार अशी की नवीन सेट, आवाज येतो, पण ‘त्याला पोट नाय’. खालच्या स्वरांची उणीव इतक्या नेमकेपणानं सांगणारा शब्द मी कुठल्याही संगीत समीक्षेत वाचलेला नाही. अण्णांनी काही उघडलं नाही. घड्याळात घालतो तो साधा दीड व्होल्टचा सेल घेतला, तारेची दोन टोकं एका बॉक्सच्या लाल आणि काळ्या कळांना लावली, आणि सेल क्षणभर टेकवला. ‘टप्’ असा आवाज होऊन कागदी पडदा बाहेर आला. मग दुसऱ्या बॉक्सला तसंच केलं. तिथे पडदा आत गेला. “बगा मावशी, ह्यो बाहेर येतुय, त्यो आत जातुय. ह्यानं ढकललेली हवा त्यो वढून घेतुय. मग पोट ऱ्हाणार कुठनं?” दुसऱ्या बॉक्सच्या आत, कारखान्यातच कुणीतरी लाल-काळ्याची अदलाबदल केली होती. अण्णांनी मागच्या दोन तारा उलट लावल्या, गाणं सुरू केलं, आणि ढोलकीचा घुमारा हरवलेलं माणूस परत यावं तसा खोलीत आला. “एवढंच?” मावशींनी विचारलं. “एवढंच की ओ.” आणि मग, पैसे नको म्हणायच्या आधी, त्यांनी तारांची टोकं चिमटीत धरून पीळ दिला आणि बाहेर आलेला तांब्याचा केसाएवढा तंतू कापून टाकला. “ह्यो एक केस पलीकडच्या कळंला टेकला, तर अँप्लिफायर गेला म्हणून समजा.”

उलट जोडलेले दोन बॉक्स मुके होत नाहीत, बेसूरही होत नाहीत. फक्त जे खोल असतं ते नाहीसं होतं, आणि वरवरचं सगळं ऐकू येत राहतं. म्हणून कित्येक घरांत हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही.

अण्णांकडे येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं : किती वॅटचा घेऊ? अण्णा उलट विचारतात, खोली केवढी? आणि उत्तर ऐकून म्हणतात, “मग एक वॅट लई झाला.” गिऱ्हाईकाला हा अपमान वाटतो. पण गणित अण्णांच्या बाजूचं आहे. साधारण घरगुती बॉक्सला एक वॅट दिला, की एक मीटरवर पंचाऐंशी ते नव्वद डेसिबल आवाज होतो. आपण समोरासमोर बोलतो ते साठच्या आसपास. म्हणजे सकाळच्या अभंगाला एक वॅटसुद्धा पुरून उरतो. शिवाय त्या वॅटमधला शंभरावा भागही धड आवाज होत नाही. बाकी सगळी शक्ती बॉक्समधलं तारेचं वेटोळं तापवण्यात जाते. आणि आपला कान तर इतका चिकट, की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला त्याला शक्ती दहापट लागते. दहा वॅटला दुप्पट, शंभर वॅटला चौपट. शंभर वॅटचं यंत्र घेणारा माणूस एका वॅटवाल्या शेजाऱ्यापेक्षा फार तर चारपट मोठ्यानं गाणार, हे दुकानदार कधी सांगत नाही.

मग उरलेले नव्व्याण्णव कशाला? ते तबल्याच्या थापेसाठी. आलाप संथ चाललेला असतो तेव्हा यंत्र जेमतेम अर्धा वॅट खर्चत असतं. पण समेवर थाप पडते त्या क्षणाच्या लहानशा तुकड्यात मागणी दहापट होते, कधी शंभरपट होते. यंत्र तोकडं पडलं तर त्या लहरीचा माथा कापला जातो, आणि कापलेल्या लहरीच्या तीक्ष्ण कडा थेट बॉक्समधल्या सगळ्यात नाजूक जिवाला, वरच्या चिमुकल्या ट्विटरला, जाऊन भिडतात. म्हणूनच बटण पिळून पिळून चालवलेला लहान अ‍ॅम्प्लिफायर जितके ट्विटर जाळतो, तितके हळू आवाजात चालणारा मोठा जाळत नाही. सामर्थ्य रोज खर्चायला नसतं, ऐन वेळी कमी पडू नये म्हणून असतं, हे इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं यंत्र घरात नाही. यावर एक तोड बाजारानं काढून पाहिली होती. १९९०च्या दशकात खोक्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापून यायचं. मागचा अ‍ॅडॅप्टर पाहिला तर तो देणार वीस-तीस वॅट. उरलेले नऊशे सत्तर वॅट खोक्यावरच राहत. अण्णा अजून गिऱ्हाईकाला सांगतात, आरएमएस, म्हंजी सलग मिळणारे वॅट, बगा, बाकी समदं पोस्टर हाय. आणि हळदीच्या दिवशी कुणी मित्राचे दोन जास्तीचे बॉक्स आणून त्याच दोन कळांना जोडू लागलं, की ते हात धरतात. आठ ओहमचे चार बॉक्स असे समांतर जोडले की यंत्राला दोनच ओहम दिसतात. विरोध कमी झाला म्हणून ते आनंदानं जास्त करंट सोडतं आणि त्या आनंदातच जळतं.

या जळण्याची तयारी त्याच्या पोटात आधीपासूनच असते. अण्णांनी एकदा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर उघडून दाखवला. प्लग काढून बराच वेळ झाल्यावर, कारण आतले मोठे कपॅसिटर वीज गेल्यावरही आपला साठा धरून बसतात. प्लग ओढल्यावर लाल दिवा लगेच न विझता रेंगाळत विझतो तो याच शिल्लकेवर, आणि घरातल्या माणसानं झाकण उघडू नये तेही याच शिल्लकेपायी. आत अॅल्युमिनियमच्या पात्यांवर ३०५५ नंबरचे दोन ट्रान्झिस्टर, पोलादी टोप्या घातल्यासारखे, बसलेले होते. त्यांच्याखाली अभ्रकाचा एक पापुद्रा. तो उष्णतेला वाट देतो, विजेला देत नाही. एवढ्या पातळ शहाणपणावर सारं यंत्र उभं असतं. आणि पुढची सगळी मदार त्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेवर. इथे सोलापूरचं वैभव आडवं येतं. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, आणि दोन्हींचं घराघरातलं एक मानाचं स्थान म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं डोकं. काळ्या मातीची धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर चादरीचा तुकडा घडी घालून पांघरतात, वर काचेची फुलदाणी ठेवतात, आणि तो आतून अभंग म्हणत असतो. मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याखाली, मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर पांघरून गाणारं ते यंत्र पाहिलं की वाटतं, याला पुरस्कारच द्यायला हवा. प्रेमात आणि काळजीत आपण माणसांनाही असंच गुदमरवतो. ती निदान पांघरूण भिरकावून देऊ शकतात.

विजेची तिसरी पिन हा कुंभारीतला आणखी एक दुर्लक्षित जीव. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. आत शिरताना ती आधी पोचते आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी निघते. यंत्राची धातूची पेटी कधी चुकून जिवंत झालीच, तर ती वीज माणसाच्या अंगातून न जाता मुकाट जमिनीत जावी म्हणून ही पिन उभी असते. पण जुन्या बोर्डात ती मावत नाही म्हणून तिला मोडून टाकणारे महाभाग आहेत. काही यंत्रं दोनच पिनांची येतात. त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आतच दुहेरी आवरण आहे. ती खूण नसेल तर तिसरी पिन हवीच. आणि ती नुसती असून भागत नाही. तिच्या पलीकडे खरोखर जमीन हवी. अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळशात पुरलेली अर्थिंगची पट्टी ओलाव्यावर जगते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की ओल खाली जाते आणि वीज जमिनीशी बोलेनाशी होते. म्हणून अण्णांच्या अंगणात मी दर उन्हाळ्यात एक दृश्य पाहतो : पाण्याच्या प्रत्येक घागरीचा हिशेब असलेल्या मुलखात, एक माणूस तुळशीला घालून उरलेलं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओततो आहे. रोप नाही, फूल नाही. वर येतं ते फक्त गाणं.

जमीन नीट जुळली नाही तर यंत्र घुमतं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि ती पन्नास कंपनं म्हणजे अतिमंद्रातली पांढरी पाच, किंचित चढी. सगळ्या देशाच्या भिंतींत लावून ठेवलेला हा वीज मंडळाचा तानपुरा. गायकाची पट्टी न विचारता वाजणारा. तो गप्प करण्याचा सोपा उपाय म्हणून अर्थिंगची पिन काढायची युक्ती कानोकानी पसरली आहे. घूं थांबते खरी, पण त्याबरोबर राखणदारही जातो. खरा उपाय फारच साधा आहे. टीव्ही, प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर असं जे जे एकमेकांना जोडलेलं असेल ते एकाच बोर्डावर घ्यावं, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटांचा फेरा होत नाही; आणि आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून लांब न्यावी. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. त्याजागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे कसबी लोक इतर गावांत असतात. विडीच्या गावात ती चांदी सहज मिळत नाही, हे अण्णांच्या मते आमचं नशीब.

लहानपणी सोलापुरात ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज विजेचा नव्हताच. तो गिरणीचा भोंगा होता. त्याला बटण नव्हतं, त्याच्यावर चादर घालता येत नव्हती. तो झाला की अख्खं शहर कूस बदलत असे. भोंगा कुणाचं ऐकत नसे. अ‍ॅम्प्लिफायरचं मोठेपण नेमकं इथे आहे, की तो स्वतःचं ऐकतो. हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल कंपनीतला तरुण अभियंता टेलिफोनचा आवाज दूरवर नेताना होणाऱ्या विकृतीनं हैराण झाला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत त्याला उत्तर सुचलं आणि त्यानं ते हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर उतरवून काढलं. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत यंत्राच्याच तोंडाशी आणून द्यायचा. यंत्र आपण काय बोललो ते ऐकतं, मुळाशी ताडून पाहतं आणि आपली चूक आपणच वजा करतं. यात आवाजाची वाढ कमी होते, पण खोटेपणाही तितकाच कमी होतो. वाढवण्यासाठी केलेल्या यंत्रात मुद्दाम वाढ घटवायची, हे इतकं विपरीत वाटलं की पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. आज बहुतेक प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर याच तत्त्वावर प्रामाणिक राहतो.

कुंभारीत ही सोय घराबाहेरही आहे. भिंतीपलीकडून “ओ वहिनी, पोरगं झोपलंय की ओ!” अशी हाक येते, आणि अलीकडे बटण डावीकडे फिरतं. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल, असं २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलं आहे. एकमेकींना दारातून हाका मारणाऱ्या बायका ती मर्यादा गाण्याशिवायच ओलांडतात, पण दहानंतर गल्ली आपोआप निवळते. ते नियम कुणाला पाठ आहेत म्हणून नव्हे. उद्या त्याच वहिनीकडे दोरा उसना मागायला जायचं असतं म्हणून.

हल्ली अण्णांकडे तळहातावर मावणारे नवे अ‍ॅम्प्लिफायर येतात. क्लास डी म्हणतात. फारसे तापत नाहीत, वीज कमी खातात, आणि बिघडले तर बहुधा टाकून द्यावे लागतात. “ह्यात आता आमाला करण्यासारखं काय ऱ्हायलं नाय,” असं म्हणत अण्णा ते उलटसुलट करून पाहतात, आणि तरी तारांना पीळ देऊन, निघालेला केस कापूनच परत करतात.

तेव्हा घरात साउंड आणणार असाल तर शंभर वॅटचा जरूर आणा, परवडत असेल तर. त्याच्या चहूबाजूंनी वीतभर हवा सोडा, तिसरी पिन मोडू नका, तारा जोडताना प्लग काढलेला असू द्या, आणि चालू करताना बटण डावीकडे आहे ना ते बघा. मग एक वॅट वापरा. तेवढा पुरतो. आणि चादर, थंडी पडली की आपण पांघरावी.